गेमसाठी फ्रेंच? हो, गेमसाठीच!

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात एखाद्या तरुणाने 'मी फ्रेंच शिकतोय' असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. 'कॅनडाला चाललास का?' नसेल, तर 'कंपनीने सांगितलंय का?' तेही नसेल, तर 'कॉलेजात घेतलीय वाटतं, स्कोअरिंग म्हणून?' या तिन्हींना नकार देऊन तो जर म्हणाला, 'एक गेम खेळलो, त्यातली गाणी फ्रेंच आहेत, ती मला समजून घ्यायचीत', तर समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हसू उमटतं. माझं भांडण त्या हसण्याशी आहे.

त्या हसण्यामागे एक पूर्ण भूमिका आहे आणि ती बाळगणारे लोक काही अडाणी नाहीत. त्यांचं म्हणणं असं: परकी भाषा शिकायला वर्षं लागतात, एवढे कष्ट उपसायचे तर कारणही तसंच भक्कम हवं. गेम ही लहर आहे, ती महिन्याभरात ओसरते. दुसरं, गेम खेळून भाषा येत नाही, फार तर चार शिव्या येतात. तिसरं, गेम हे मुळात व्यसन. त्याला भाषाशिक्षणाचा मुलामा देणं म्हणजे घरच्यांच्या डोळ्यांत धूळ. आणि चौथं, सगळ्यांत जोरात मांडलं जाणारं: आपल्या मुलांना मराठीचं पान धड वाचता येत नाही, तिथे फ्रेंचचे चोचले कशाला?

या चारही आक्षेपांना उत्तर द्यायचं आहे. माझी बाजू थोडक्यात अशी: भाषा अंगी राहते ती तिच्यात आपल्याला हवं असं काहीतरी असतं म्हणून. बाकीची कारणं काम उरकलं की भाषेलाही निरोप देतात.

आधी 'भक्कम' कारणांचाच हिशेब मांडू. अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच का घेतात, हे गुपित नाही. पालक प्रवेशाच्या वेळी उघड बोलतात, 'मराठीत एवढे मार्क कोण देतंय? फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे.' मग दोन वर्षं क्रियापदांचे तक्ते घोकायचे, ठरावीक पत्रं आणि ठरावीक उतारे पाठ करायचे, निकालात घसघशीत आकडा आणायचा. त्यातल्या कुणालाही चार-पाच वर्षांनी गाठा आणि फ्रेंचमध्ये स्वतःबद्दल पाच वाक्यं बोलायला सांगा. नाव आणि वय सांगून गाडी थांबेल. यात त्या मुलांचा दोष नाही, शिकवणाऱ्यांचा तर नाहीच. ज्या कामासाठी भाषा घेतली ते काम निकालाच्या दिवशी संपलं. भाषेने तरी पुढे कशासाठी राहावं?

कॅनडाचं कारण याहून गंभीर आहे आणि त्याची चेष्टा करायची माझी तयारी नाही. तिथल्या 'एक्स्प्रेस एंट्री' या स्थलांतर योजनेत फ्रेंच चांगली येणाऱ्याला ५० पर्यंत जादा गुण मिळतात. २०२३ पासून तर फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या आणि त्यांची गुणरेषा इतर फेऱ्यांपेक्षा बरीच खाली राहिली. त्यासाठी टेफ किंवा टीसीएफ ही परीक्षा द्यावी लागते आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही अंगांत साधारण बी२ची पायरी गाठावी लागते. नोकरी सांभाळून, लोकलची गर्दी सोसून, रात्री जेवणं झाल्यावर ऑनलाइन वर्गाला बसून ती गाठणाऱ्याचं कौतुकच करायला हवं. तीच गोष्ट ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांतल्या नोकरीसाठी फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्यांची.

पण हे कारण भक्कम का मानायचं? ते दुसऱ्याच्या हातात आहे. ओटावात उद्या नियम बदलला, गुण कमी झाले, की आपल्याकडच्या वर्गांतल्या खुर्च्या रिकाम्या होतील. कंपनीने ते काम दुसऱ्या शहरात हलवलं की तेच. एका परिपत्रकाने ज्याचं शिकणं थांबू शकतं त्याचं कारण पक्कं, आणि ज्याला एक गाणं छळतंय त्याचं कच्चं, हा न्याय मला समजलेला नाही. लहर म्हणून हिणवलं जातं ते कारण निदान शिकणाऱ्याचं स्वतःचं असतं.

आता तो गेम कोणता आणि त्यात असं काय आहे, हे ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. सध्या या चर्चेत ज्याचं नाव सर्वांत आधी येतं तो 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३'. २४ एप्रिल २०२५ रोजी तो बाजारात आला. दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिये शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या छोट्या स्टुडिओने तो केला; मुख्य चमू सुमारे तीस जणांचा. गियोम ब्रोश हा त्याचा दिग्दर्शक आधी युबिसॉफ्ट या बड्या फ्रेंच कंपनीत होता. ती नोकरी सोडून त्याने २०२० साली साथीदारांबरोबर हा स्टुडिओ काढला. पहिल्या तीन दिवसांत गेमच्या १० लाख प्रती खपल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात त्याने वर्षातल्या सर्वोत्तम गेमसह नऊ पारितोषिकं नेली.

कथा अशी. ल्युमिएर नावाचं शहर आहे. पॅरिसच मोडून-वाकवून उभं केल्यासारखं. आयफेल टॉवरही त्यात पिळवटलेला दिसतो. दरवर्षी दूरवरच्या एका प्रचंड शिळेवर एक चित्रकर्ती आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने खाली येतो. यंदा तो ३३ झाला आहे. ज्यांच्या हाती एकच वर्ष उरलं आहे असे लोक त्या चित्रकर्तीला थांबवायला निघतात. गेममध्ये मरण आहे, शोक आहे, कुटुंबातली भांडणं आहेत, आणि कलेत स्वतःला कोंडून घेणं बरोबर की चूक हा शेवटी खेळणाऱ्यावरच सोडलेला प्रश्न आहे. या सगळ्यातून लोरियाँ तेस्तार या संगीतकाराचं काही तासांचं संगीत वाहतं, आणि त्यातली बरीच गाणी आलिस द्युपोर-पेर्सिए या गायिकेने फ्रेंचमध्ये गायली आहेत.

इथे चाणाक्ष विरोधक एक मुद्दा काढील, आणि तो बरोबर आहे: गेमची मुख्य लेखिका जेनिफर स्वेडबर्ग-येन इंग्रजीत लिहिते, पात्रांचे गाजलेले आवाजही इंग्रजी नटांचे आहेत. मग फ्रेंच कुठून आली? माझ्या मते यातच या गेमची किमया आहे. संवाद इंग्रजीत चालू असतात, खेळणाऱ्याला सगळं कळत असतं, आणि नेमक्या भावनेच्या टोकावर गाणं सुरू होतं ते फ्रेंचमध्ये. जे सर्वांत जास्त समजून घ्यावंसं वाटतं तेवढंच समजत नाही. एखादा सेटिंगमध्ये जाऊन आवाज फ्रेंच करतो आणि सबटायटल इंग्रजी ठेवतो. पुढच्या खेपेला सबटायटलही फ्रेंच करतो. मग एक वही काढतो. इंग्रजी सबटायटलमधून जे गळून जातं ते त्याला कानाने ऐकू येऊ लागतं: कोण कुणाला 'तू' म्हणतं आणि कोण 'तुम्ही', आणि कुठल्या प्रसंगानंतर 'तुम्ही'चं 'तू' होतं. इंग्रजी माणसाला हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. डोंबिवलीच्या मुलाने तो आजी-आजोबांच्या, शेजारच्या काकूंच्या घरात आधीच शिकलेला असतो.

लहर ओसरते, हा पहिला आक्षेप. ओसरते, खरंच. गेम पाहून फ्रेंचला हात घालणाऱ्या कित्येकांची वही दहाव्या पानावर थांबेल. पण स्कोअरिंगवाल्यांची वही निकालाला थांबते आणि कॅनडावाल्यांतल्या कित्येकांची बी२च्या दारात, तेव्हा आपण हसत नाही. 'प्रयत्न केला बिचाऱ्याने' म्हणतो. अर्धवट सोडण्याचा गुन्हा सगळ्यांचा सारखाच असेल, तर शिक्षा एकट्या गेमवाल्याला का?

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि त्याच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा मीच देतो. २०१० साली जपानमधल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डीहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या जोड्या केल्या. एकाने संगीतावरचा इंग्रजी गेम खेळायचा, दुसऱ्याने तोच खेळ नुसता पडद्यावर पाहायचा. नंतर शब्द विचारले. पाहणाऱ्याला जास्त आठवले, खेळणाऱ्याला कमी. कारण उघड आहे: खेळणाऱ्याचं लक्ष बटणांत, वेळ साधण्यात गुंतलेलं. हात आणि डोळे कामाला लागले की कानाकडे काही उरत नाही. तेव्हा 'गेम खेळला की भाषा आपोआप येते' असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. स्वीडनमध्ये सिल्वेन आणि सुंडक्विस्ट या दोघी अभ्यासकांनी २०१२ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांची पाहणी मांडली. शाळेबाहेर इंग्रजी गेम भरपूर खेळणारी मुलं इंग्रजीच्या चाचण्यांत थोडं खेळणाऱ्यांच्या पुढे, आणि थोडं खेळणारी अजिबात न खेळणाऱ्यांच्या पुढे. याने गेममुळेच इंग्रजी सुधारली हे सिद्ध होत नाही. ज्यांना इंग्रजी बरी येत होती तीच गेमकडे वळली असतील. पाहणीचा नमुनाही लहान होता.

मग माझ्या हाती काय उरलं? जे मला हवं होतं तेच. गेम हा शिक्षक आहे असं मी म्हणतच नाही. क्रियापदाची रूपं, नामांची लिंगं, नाकातले स्वर, न उच्चारली जाणारी शेवटची अक्षरं हे सगळं शिकायला वर्ग लागतो, पुस्तक लागतं, चूक दाखवणारं माणूस लागतं. फ्रेंचच्या डेल्फ या परीक्षेत चारही अंगांना २५-२५ गुण असतात. कुठल्याही एका अंगात पाचाच्या खाली गेलात की नापास, आणि तिथे 'मी अमुक राक्षस मारला' हे सांगून चालत नाही. पण वर्ग, पुस्तक, गुरुजी हे सगळं हाताशी असूनही आपल्याकडे बारावीनंतर फ्रेंच उरत नाही, याचं कारण शिकवण्यात नाही. कमतरता आहे ती ओढीची. ती ओढ गेम देतो. सेटिंग फ्रेंचवर नेऊन, लढाई थांबवून, तोच प्रसंग पुन्हा पाहणारा मुलगा त्या जपानी प्रयोगातल्या खेळणाऱ्याच्या खुर्चीतून उठून पाहणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसलेला असतो. त्याला तिथे कुणी पाठवलेलं नसतं.

आणि ओढीने भाषा शिकणं हे काही या पिढीने शोधलेलं खूळ नाही. १९४८ साली सय्यद हैदर रझा हा मुंबईचा तरुण चित्रकार काश्मीरमध्ये असताना त्याची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँशी पडली. कार्तिए-ब्रेसाँने त्याची चित्रं पाहून फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करायला सांगितलं. रझा मुंबईला परतला आणि आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकू लागला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला गेला आणि पुढची साठ वर्षं तिथेच रमला. शिष्यवृत्ती नंतर आली. आधी आली ती सेझानची चित्रं समजून घेण्याची तहान. चित्रासाठी फ्रेंच शिकला म्हणून रझावर कुणी हसत नाही. का? कारण सेझान संग्रहालयात टांगलेला आहे आणि गेम पोराच्या खोलीतल्या पडद्यावर आहे. फरक प्रतिष्ठेचा आहे, ओढीच्या जातीचा नाही.

प्रतिष्ठेचा हा खेळ आपण आणखी एकदा पाहिला आहे. १९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर: मराठी माणूस, पॅरिसमध्ये शिकलेला, शास्त्रीय संगीताचा कैवारी. चित्रपटगीतं हलकी, अभिरुची बिघडवणारी, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं, आणि त्याच वर्षी सुरू झालेली अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' घराघरात ऐकू येऊ लागली. आपल्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची हिंदी कुठून आली, हे त्यांनाच विचारा. हिंदी प्रचारसभांच्या परीक्षांची प्रमाणपत्रं कपाटात असतील, पण जिभेवरची हिंदी आली गाण्यांतून आणि सिनेमांतून. ज्याला त्या काळचे शिष्ट लोक उथळ म्हणत होते त्यानेच एका पिढीला दुसरी भाषा फुकटात दिली. आज गेमवर नाक मुरडणारे नकळत केसकरांच्या खुर्चीत बसले आहेत, आणि ती खुर्ची तेव्हाही हरली होती.

तिसरा आक्षेप व्यसनाचा. इथे मला सावध बोललं पाहिजे, कारण भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. असा मुलगा घरात असेल तर त्याला फ्रेंचच्या नव्हे, डॉक्टरांच्या हवाली करा. पण 'गेम' या एका शब्दाखाली आपण काय काय कोंबतो ते पाहा. लोकलच्या डब्यात मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणारा, मित्रांबरोबर तासन्‌तास बंदूक चालवणारा, आणि आदी-मध्य-अंत असलेली चाळीसेक तासांची गोष्ट पूर्ण करणारा, हे तिघे आपल्या लेखी एकच. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात पैशांचे ऑनलाइन खेळ वेगळे काढून त्यांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. संसदेला जो फरक कळला तो सोसायटीच्या कट्ट्यावर कळायला हरकत नसावी.

गेममध्ये गंभीर काही नसतं, असंही याच सुरात म्हटलं जातं. त्यावर एकच दाखला. २०१४ मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आणला. त्यात राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस गल्लीबोळांसह उभं केलं होतं. फ्रान्सचे डावे नेते जाँ-ल्यूक मेलाँशाँ त्यावर चवताळले: गेमने क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर याला राक्षस केलं, जनतेला रक्तपिपासू टोळकं केलं, हा क्रांतीविरोधी प्रचार आहे. देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला माणूस एका गेमच्या इतिहासदृष्टीवर जाहीर भांडतो, कारण आपली पोरं इतिहास तिथून घेतायत हे त्याला कळलेलं आहे. मेलाँशाँ बरोबर होते की नाही हा वेगळा वाद. पण तो वाद मुळातून समजून घ्यायचा असेल तर डोंबिवलीच्या खेळाडूला फ्रेंचच शिकावी लागेल. गेमपासून सुरू झालेली वाट रोबेस्पिएरच्या भाषणांपर्यंत जाते ती अशी.

राहता राहिला मराठीचा आक्षेप. यात मला सर्वांत जास्त दुखतं, कारण तो करणाऱ्यांच्या काळजीत मी सामील आहे.

पहिली गोष्ट, हा आक्षेप चुकीच्या दारावर धडकतो आहे. बारावीला मराठी सोडून फ्रेंच घ्या असं सांगणारा गेम नव्हता. ते पालक होते, मार्कांच्या मोहाने. गेममुळे फ्रेंच शिकणारा ती मराठीच्या जागी शिकत नाही, आपल्या फावल्या वेळेत शिकतो. त्याच्याकडून मराठीचा जाब मागायचा आणि स्कोअरिंगवाल्यांना पेढे द्यायचे, हे ढोंग आहे.

दुसरी गोष्ट अशी की भाषा सक्तीने कशी येते, किंवा येत नाही, हे महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो सुधारून निघाला, राज्यभर गदारोळ झाला आणि २९ जूनला सरकारला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. त्या लढ्यात आपण जे बोललो ते खरं होतं: भाषा जीआरने मनात उतरत नाही. मग हेच सूत्र मराठीला लावताना जीभ का अडखळते? सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. तो हवाच होता. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण कायद्याने हजेरी भरते आणि दर्जाने अभिमान भरतो. मराठीची ओढ या दोन्हींतून येणार नाही.

ओढ असली की काय होतं, हेही मराठीने पाहिलं आहे, आणि योगायोगाने ती माणसं फ्रेंचच होती. फादर गी देलरी हे फ्रेंच जेझुइट मराठी शिकले, पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेले, आणि तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. १९५६ मध्ये पॅरिसच्या गालिमार या नामवंत प्रकाशनाने ते पुस्तक काढलं. गी प्वातवाँ १९७२ पासून पुण्यात राहिले आणि हेमा राईरकरांबरोबर त्यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. देलरी आपल्या धर्मकार्यासाठी आले होते हे खरं, पण धर्मकार्यापुरती मराठी वेगळी आणि तुकोबा समजण्याइतकी वेगळी. 'आधी पोटोबा मग विठोबा' हे आपलं व्यवहारज्ञान त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ते विठोबापर्यंत पोचले.

आणि आता आकड्यांचा एक कडू घोट. मोंपेलियेची वस्ती सुमारे तीन लाख. कल्याण-डोंबिवली महापालिकेची २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या जवळपास, ठाण्याची अठरा लाखांवर. या दोन शहरांच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या गावातल्या तीस-एक माणसांनी एक गोष्ट रचली, तिच्यात आपल्या भाषेतली गाणी घातली, आणि जग ती गाणी गुणगुणायला लागलं. ब्रोश स्वतः घडला तो 'फायनल फँटसी'सारख्या जपानी गेमांवर. म्हणजे जपानी गेमने एका फ्रेंच मुलाला पेटवलं आणि त्याच्या गेमने डोंबिवलीच्या मुलाला. ही साखळी आपल्यापाशी येऊन थांबते, कारण पुढची कडी आपण बनवत नाही.

बनवू शकत नाही असं मुळीच नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, मुंबईत २०१८ पासून. फ्रेंच कंपनीचे गेम घडवणारे हात आपल्याकडे कधीचे तयार आहेत. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. देवी, असुर, प्राचीन वास्तू, सगळं भारतीय. गोष्ट मात्र सांगितली ती आधी इंग्रजीत, आणि नंतर आवाज आला तो हिंदीचा. स्टुडिओला मी दोष देत नाही, त्यांना बाजार पाहावा लागतो. पण ओव्या, गोंधळ, दशावतार, कोकणातली भुतं, सह्याद्रीतली लेणी ज्या भाषेत आहेत त्या भाषेतल्या एखाद्या गाण्याने परदेशातल्या खेळाडूने वही उघडावी, असं स्वप्न आपल्या साहित्य संस्थांपैकी कुणी पाहिलं आहे का?

ठाण्यात २०१० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, डोंबिवलीत २०१७ मध्ये. मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद ठरलेलेच असतात. त्या व्यासपीठावर गेम लिहिणाऱ्याला, गेमला संगीत देणाऱ्याला, गेमचे संवाद मराठीत आणणाऱ्याला लेखक म्हणून मानाने बसवलं पाहिजे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. त्या काळात कादंबरी वाचणंही बिघडल्याचं लक्षण समजत. तरी या संस्थांनी कादंबऱ्या कपाटात ठेवल्या आणि वाचक घडवले. आज त्यांच्यासारख्या संस्थांनी एक बऱ्यापैकी संगणक, दोन हेडफोन आणि निवडक गोष्टीवाले गेम ठेवले, तर ज्याच्या घरी महागडं ग्राफिक कार्ड नाही आणि काही हजारांचा गेम परवडत नाही, त्या मुलालाही हे दार उघडेल. कारण माझ्या बाजूतली खरी खोट तीच आहे: ही ओढ सध्या खिसा भरलेल्यांच्या पोरांनाच परवडते. विरोधकांनी हा आक्षेप घेतला असता तर मला गप्प बसावं लागलं असतं. तो त्यांनी घेतला नाही, कारण त्यांना मुळात ओढच नको आहे.

तेव्हा फ्रेंच शिकणाऱ्या पोराला हसणं पुरे झालं. त्याच्या फ्रेंचने मराठीचं एक अक्षरही कमी होत नाही. एक गाणं समजावं म्हणून परकी भाषा शिकणारा माणूस भाषेची ताकद काय असते हे आपल्या अंगावर अनुभवत असतो, आणि उद्या मराठीत असं गाणं रचायचं झालं तर पहिला उपयोग त्याचाच होणार आहे. मराठीला धोका आहे तो 'मार्क किती, गुण किती, पगार किती' यापलीकडे भाषेला काही विचारताच न येणाऱ्यांचा. या तिन्ही प्रश्नांत मराठी आज हरते, आणि प्रश्न तेच राहिले तर उद्याही हरेल.